अपोकॅलिप्स, प्रकटीकरण आणि जगबुडी

प्रश्न थोडक्यात असा. एका लेखाच्या भाषांतरात 'क्लायमेट अपोकॅलिप्स' हा मथळा आला आणि प्रश्नकर्त्या बाईंनी 'हवामान-प्रलय' असा शब्द योजला. त्यांची नगरकडची ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली, "आमच्या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं इंग्रजीतलं जुनं नाव अपोकॅलिप्सच आहे, पण मराठीत त्याला 'प्रकटीकरण' म्हणतात. त्यात प्रलय कुठे आला?" तर एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे, यातला बरोबर कोणता, आणि 'जगबुडी' म्हटलं तर चालेल का?

मैत्रिणीचं बरोबर आहे. तुमचंही अगदी चूक नाही, पण ते का ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

शब्द ग्रीक आहे, 'आपोकालुप्सिस'. 'आपो' म्हणजे बाजूला, दूर. 'कालुप्तो' म्हणजे झाकणे. झाकण बाजूला करणं, एवढाच मूळ अर्थ. याच धातूचा एक नातलग आपल्या रस्त्यांच्या कडेला उभा असतो. निलगिरीचं शास्त्रीय नाव युकॅलिप्टस, म्हणजे 'नीट झाकलेली'. 1788 मध्ये हे नाव देणाऱ्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची कळी पाहिली असणार. कळीवर छोटं टोपण असतं आणि फूल उमलताना ते गळून पडतं. झाडाखाली ही टोपणं सापडतात. टोपण आहे तोवर 'कालुप्तोस', टोपण पडलं की झालं अपोकॅलिप्स. नाश वगैरे काही नाही, उलट फूल दिसायला लागतं.

बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हे क्रियापद किती घरगुती आहे ते रूथच्या गोष्टीत दिसतं. रूथ ही तरुण विधवा. सासू नामी तिला सांगते, बवाज आज खळ्यावर सातू उफणतोय, जेवून तो राशीच्या कडेला झोपेल, तू हळूच जा, त्याच्या पायांवरचं पांघरूण काढ आणि तिथेच पडून राहा. हे 'पांघरूण काढ' ग्रीकमध्ये ज्या क्रियापदाने सांगितलंय ते हेच, 'आपोकालुप्तो'. मध्यरात्री बवाज दचकून जागा होतो आणि पुढे दोघांचं लग्न होतं. खळं, धान्याची रास, उघडे पाय. प्रलयाचा मागमूस नाही.

नव्या करारातही नाम म्हणून शब्द येतो तो असाच शांतपणे. लूकच्या शुभवर्तमानात म्हातारा शिमोन यरुशलेमच्या मंदिरात तान्ह्या येशूला हातांवर घेतो आणि म्हणतो, हा परराष्ट्रीयांना 'प्रकटीकरण' होण्यासाठी उजेड आहे. मूळ ग्रीकात तिथे तोच शब्द. पौलही गलतीकरांना लिहितो की मला सुवार्ता मिळाली ती माणसाकडून नव्हे, येशू ख्रिस्ताच्या प्रकटीकरणाने. म्हणजे या दोन्ही जागी मराठी अनुवादकांनी एकच शब्द धरून ठेवला.

मग नाश आला कुठून? पहिल्या शतकाच्या अखेरीस पात्म बेटावरच्या योहानाने जे पुस्तक लिहिलं, त्याचा पहिलाच शब्द 'आपोकालुप्सिस'. जुन्या प्रथेप्रमाणे तोच पुस्तकाचं नाव झाला. गंमत म्हणजे पुढे बावीस अध्यायांत हे नाम पुन्हा एकदाही येत नाही. येतात ते सात शिक्के, सात कर्णे, क्रोधाच्या सात वाट्या, समुद्रातून वर येणारं श्वापद, रक्त झालेलं पाणी. वाचणाऱ्याच्या डोक्यात हेच राहिलं आणि पुस्तकाचं नाव मजकुराला चिकटलं. आपण वेगळं काय करतो? 'त्यांच्या घरात महाभारत झालं' म्हणतो तेव्हा भांडण अभिप्रेत असतं, भरतवंश नव्हे. 'कशाला एवढं रामायण सांगतोस' म्हणताना रामाचा काही संबंध नसतो. तसंच इंग्रजीत ख्रिस्ती संदर्भ गळून 'अपोकॅलिप्स' म्हणजे सगळ्याचा भयंकर शेवट, असं झालं. हा सुटा अर्थ फार जुना नाही, गेल्या शंभर-दीडशे वर्षांतलाच. आता मात्र तो रूढ आहे आणि तुमच्या मथळ्यात तोच आहे. मूळ अर्थ दाखवून रूढ अर्थ चूक ठरवणारे शब्दप्रेमी मला जरा कंटाळवाणे वाटतात. त्या हिशेबाने उद्या 'तेल' फक्त तिळाचंच म्हणावं लागेल.

'प्रकटीकरण' या शब्दाबद्दल एक. शुद्धीकरण, विद्युतीकरण यांच्यासारखीच ही घडण, संस्कृत व्याकरणातली 'च्वि': जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं. म्हणजे 'आधी दिसत नव्हतं' हे शब्दाच्या पोटातच आहे. पडदा तेवढा हरवला. तो ग्रीकात आहे, लॅटिन 'रेव्हेलात्सिओ'तही आहे ('वेलुम' म्हणजे पडदा). मराठीत पडद्यासकट हवा असेल तर 'अनावरण' तंतोतंत बसतं, पण 'योहानाचे अनावरण' म्हटलं की डोळ्यांपुढे चौक, पुतळा, फीत आणि पालकमंत्री येतात. शब्द कागदावर बरोबर असूनही का चालत नाही, याचा हा नमुना.

आता प्रलय. 'ली' म्हणजे विरघळणे, मिसळून जाणे. प्रलय म्हणजे सृष्टी आपल्या कारणात विरून जाणे. पुराणांत त्याचे प्रकार आहेत, त्यातला एक ब्रह्मदेवाचा दिवस संपला की होतो, आणि रात्र सरली की पुन्हा सृष्टी. हे चक्र आहे. ख्रिस्ती कल्पनेतला शेवट एकदाच होतो: पुनरुत्थान, न्याय, मग नवे आकाश व नवी पृथ्वी. त्यामुळे प्रकटीकरणाच्या पुस्तकाला 'प्रलय' म्हटलं तर काळाची सगळी रचनाच बदलते. मराठी बायबलला हा शब्द वर्ज्य मात्र नाही. नोहाच्या गोष्टीत तो ठसठशीत आहे: जलप्रलय. त्याच्या ग्रीक शब्दाचा अर्थच पाण्याने धुऊन काढणं असा आहे.

आणि म्हणूनच 'जगबुडी' नको. शब्द मला अतिशय आवडतो. कोकणातल्या खेडच्या नदीचं नाव जगबुडी आहे, आणि पावसाळ्यात ती बाजारपेठेत शिरते तेव्हा नाव सार्थ करते. पण जगबुडीला पाणी लागतं. नोहाच्या गोष्टीच्या शेवटी देव ढगांत धनुष्य ठेवून वचन देतो की पुन्हा जलप्रलयाने पृथ्वीचा नाश करणार नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पुढचा शेवट अग्नीचा आहे. ख्रिस्ती संदर्भात अंतकाळाला जगबुडी म्हणणं म्हणजे देवाला वचन मोडायला लावणं. समुद्राची पातळी वाढण्याबद्दल लेख असेल तर खुशाल लिहा, तिथे याहून नेमका शब्द नाही.

याच घरातली आणखी दोन उदाहरणं. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात शिष्य येशूला खुणा विचारतात. 1611 च्या इंग्रजी बायबलात तिथे 'जगाचा अंत' आहे. ग्रीक शब्द 'आयॉन', म्हणजे काळाचा मोठा पट्टा. मराठीत 'युगाची समाप्ती' आहे आणि ते जास्त जवळचं आहे, जरी आपल्याला 'युग' म्हणताच कलियुग आठवलं तरी. दुसरं 'रॅप्चर', म्हणजे अंतकाळी विश्वासणाऱ्यांना आकाशात उचलून घेतलं जाणं. हा शब्द इंग्रजी बायबलांत सहसा सापडत नाही. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या लॅटिन भाषांतरातल्या एका क्रियापदावरून तो आला. तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ झडप घालून उचलणं. मराठीत 'मेघारूढ असे घेतले जाऊ' असं आहे. 'मेघारूढ' सुंदर, पण 'घेतले जाऊ'मध्ये झडप उरली नाही. योहानाच्या शुभवर्तमानात मेंढरांना हातातून कोणी हिसकून घेणार नाही, तिथे तेच क्रियापद आहे आणि हिसका शिल्लक आहे.

कुणी 'कयामत' सुचवेल. त्याचा अरबी धातू 'उभं राहणं' असा. मेलेले उठून उभे राहतात तो दिवस. म्हणजे तिथेही मुळात नाश नाहीच, आणि हिंदी सिनेमाने त्याचंही महाभारत केलं.

तेव्हा पुस्तकाचं नाव 'प्रकटीकरण'च ठेवा. मथळ्यासाठी 'सर्वनाश' घ्या, त्यात चक्रही नाही आणि पाणीही नाही. फक्त 'हवामानाचा सर्वनाश' असं लिहू नका, त्यात नाश हवामानाचाच होतो. 'हवामानामुळे सर्वनाश' लिहा.