जपानला पहिल्यांदा चाललायस ना, मग हे ऐक

अरे हॉटेलचा बुफे सोड, स्टेशनजवळच्या छोट्या रामेनच्या, म्हणजे सूपमधल्या नूडल्सच्या, दुकानात जा, बऱ्याच ठिकाणी दाराशीच मशीन असतं, पैसे टाकायचे, बटण दाबायचं आणि कुपन काउंटरवर द्यायचं, भाषा येत नाही म्हणून काही अडत नाही. नूडल्स आवाज करत ओढल्या तरी चालतं, बिनधास्त ओढ. पण चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नकोस, तिथे मृताला वाढलेल्या भातात तशा खोचतात, त्यामुळे हे खरंच सांभाळ, लोकांना लागतं ते. टिप नको. आणि शाकाहारी असशील तर आधीच विचारून घे, कारण साध्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) बहुतेक वेळा माशाचा दाशी, म्हणजे माशाचा अर्क उतरवलेलं पाणी, असतो. क्योतोच्या निशिकी मार्केटमध्ये चालत चालत खायचं नाही, घेतलं त्या दुकानापाशीच संपवायचं.