मी किती दिवसांवर अडून बसू?

*आम्ही वेगळं राहायला लागून आठ महिने झाले. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा तीन. पुढच्या आठवड्यात मध्यस्थांकडे पहिली बैठक आहे. नवऱ्याला मुलं अर्धा वेळ स्वतःकडे हवी आहेत. मी नमतं घेतलं तर मुलं हातची जातील, असं वाटतं. मागच्या खेपेला मुलाचं दुपटं त्याच्याकडे राहिलं. त्याशिवाय तो झोपत नाही. रात्री अकराला फोनवर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मुलगी तर त्याच्याकडून आली की तासभर कुणाशी बोलत नाही. मी किती दिवसांवर अडून बसू? – एक आई*

ताई, तुम्ही विचारलंय दिवसांबद्दल, पण माझं मन अडकलं ते मुलीच्या त्या तासाभराच्या गप्प बसण्यात.

त्यावरून लगेच 'तिथे काहीतरी वाईट घडतंय' असं धरू नका. एका घरातून दुसऱ्या घरात येताना अनेक मुलांना असा वेळ लागतो. बापाकडे गेल्यावरही ती अशीच गप्प होत असेल आणि तोही तुमच्याबद्दल हीच शंका घेत असेल. तिचं लक्षण मात्र दुर्लक्ष करण्यासारखं नाही. तिला सोडायला तो येतो तेव्हा दारात काय होतं, ते आठवून बघा. पैशांचं बोलणं तिच्या डोक्यावरून चालतं का? पाठीवर दप्तर घेऊन, एकदा तुमच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत ती उभी असते का? तसं असेल तर ही दारातली भेटच टाळता येते. सकाळी एकाने शाळेत सोडायचं, संध्याकाळी दुसऱ्याने आणायचं. मधे शाळेचा अख्खा दिवस जातो, आणि तिला एकाला सोडून दुसऱ्याकडे जावं लागत नाही.

आता दिवसांबद्दल. 'अर्धा वेळ' या शब्दाला इतक्या घाबरू नका, त्याचे प्रकार बरेच आहेत. आठवडा इथे, आठवडा तिथे, हा एक. दोन दिवस तुमच्याकडे, दोन त्याच्याकडे, पुढचे तीन पुन्हा तुमच्याकडे आणि पुढच्या आठवड्यात उलट, हा दुसरा. यात मूल सलग तीन दिवसांहून जास्त कुणापासूनच लांब राहत नाही. तीन वर्षांच्या मुलाला 'पुढचा शनिवार' कळत नाही, त्याला थोड्या-थोड्या दिवसांनी दोघंही दिसायला हवेत. आठ वर्षांची मुलगी मात्र अशा सततच्या ये-जा करण्याने कंटाळते, तिला एका जागी सलग राहणं बरं वाटू शकतं. म्हणजे तुमच्या दोन मुलांच्या गरजाच वेगळ्या आहेत. त्यात भावंडांची ताटातूटही नको. हा खरा अवघड पेच आहे, आणि बैठकीचा वेळ यावर खर्च व्हायला हवा.

म्हणून आकडा ठरवून जाऊ नका. त्याआधी दोन्ही मुलांचा एकेक आठवडा कागदावर उतरवा. उठवतं कोण, अभ्यासाला कोण बसतं, मुलगा रात्री कितीदा उठतो, मुलीचा वर्ग कुठल्या वारी असतो. लिहिताना कदाचित तुमच्याच लक्षात येईल की काही गोष्टी तो तुमच्यापेक्षा चांगल्या करतो. तेही लिहा. तसं लिहायला जड जातं, मला माहीत आहे.

मध्यस्थ न्यायाधीश नसतात, ते निकाल देत नाहीत. तुमच्या बाजूनेही बोलणार नाहीत. गरज पडली तर दोघांशी वेगवेगळं बसून बोलतील. तिथलं बोलणं बहुतेक ठिकाणी गोपनीय असतं, पण त्याच्या मर्यादा पहिल्याच बैठकीत विचारून घ्या. जे ठरेल त्यावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. कोर्टाने मान्य केल्यावर त्याला आदेशाचं बळ येतं.

एक गोष्ट स्पष्ट विचारते. मारहाण, धमक्या, त्याची भीती, असं काही आहे का? पत्रात नाही, पण असं लिहिणं सोपं नसतं. असेल तर बैठकीआधी मध्यस्थांना एकटीने सांगा. वेगळ्या खोल्यांत बसवता येतं. समोर बसून मोकळेपणाने 'नाही' म्हणता येत नसेल, तर मध्यस्थीचा मार्ग तुमच्यासाठी नाही, आणि तो नाकारण्यात काहीही चूक नाही.

मुलीला 'तुला कुणाकडे राहायचंय?' हे कधीही विचारू नका. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या १२ व्या कलमात, आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलांना दिलेला आहे. पण मत विचारणं वेगळं आणि निवड तिच्या गळ्यात घालणं वेगळं. 'दोन्ही घरांत काय सारखं असावंसं वाटतं?' असं विचारा. कदाचित ती झोपायची वेळ सांगेल, नाहीतर दिव्याचा रंग.

बाकीचं भराभर सांगते. मूल आजारी पडलं तर कुणी किती वेळात कळवायचं, ठरलेला दिवस बदलायचा तर किती आधी, फोन कधी, खर्चाची वाटणी, कुणी गाव बदललं तर काय, हे सगळं लेखी हवं. पटलं नाही तर कोर्टाआधी पुन्हा मध्यस्थांकडे यायचं, हेही. आणि सहा महिन्यांनी योजना पुन्हा उघडून बघायची तारीख आत्ताच घाला. तुमचा मुलगा तोवर साडेतीन वर्षांचा झालेला असेल, त्या वयात सहा महिने फार मोठे असतात.

बैठकीत पहिलं बोलायची वेळ तुमच्यावर आली, तर मुलगी दारात उभी असते तेव्हा काय होतं ते सांगा. नवरा-बायको म्हणून तुमचं काय झालं ते नको. दुपट्याचंही सांगा. ते मुलाबरोबर जाईल आणि मुलाबरोबरच परत येईल, एवढं एक वाक्य त्या कागदावर लिहून घ्या. पहिल्या दिवशी फक्त त्यावर दोघांची 'हो' मिळाली, तरी रात्री अकराचा एक फोन कमी होईल.