आवाजावरून खरंच कळतं का?

प्रश्न : युक्रेनच्या बातम्यांमध्ये लोक सांगतात की नुसत्या आवाजावरून कळतं काय येतंय आणि किती लांब आहे. हे खरंय का? माझ्या ऑफिसात तिकडून आलेली एक मुलगी आहे, मोपेडचा आवाज आला की बोलता बोलता एकदम थांबते.

उत्तर : हो, अगदी खरंय, आणि लोक फार पटकन शिकतात कारण न शिकून चालतच नाही. रशिया सोडतो त्या शाहेद ड्रोनला, म्हणजे स्फोटकं घेऊन येऊन आदळणाऱ्या बिनपायलटच्या विमानाला, छोटं पिस्टन इंजिन असतं, ते मोपेडसारखंच घरघरतं, तिकडे त्याला मोपेडच म्हणतात. म्हणजे ती मुलगी थांबते तेव्हा ती ऐकत असते, आवाज जवळ येतोय की लांब जातोय ते, आणि शहर बदललं म्हणून कानाची ती सवय लगेच जात नाही हो. "अगं गाडीच आहे" असं हसून म्हणू नका प्लीज, आवाज जाईपर्यंत तुम्हीही थांबा. लांबीचं म्हणाल तर साधा हिशोब आहे, आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, त्यामुळे उजेड दिसल्यावर तीन सेकंदांनी धमाका ऐकू आला तर तो अंदाजे एक किलोमीटरवर. ड्रोनचा माग काढायला युक्रेनने खांबांवर हजारो माइकही लावलेत.

पण दरवेळी आवाजच धोक्याचा असतो असं नाही. 1944 मध्ये लंडनवर जर्मनीचे व्ही-1 नावाचे इंजिनवर उडत येणारे बॉम्ब यायचे, त्यांची घरघर ऐकू येतेय तोवर ठीक, ती बंद पडली की समजायचं आता हा खाली येतोय, मग त्या काही सेकंदांच्या शांततेत लोकांचं काय होत असेल विचार करा. त्याच वर्षी सप्टेंबरपासून व्ही-2 रॉकेट आलं, ते आवाजापेक्षा वेगवान, आधी स्फोट आणि मग ते येत असल्याचा आवाज. तिथे कान काहीच कामाचे नाहीत, मला तर हे सगळ्यात भयंकर वाटतं.

आणि ऐकण्याने नुसती भीतीच मिळते असंही नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने वेढलेल्या रशियातल्या लेनिनग्राड शहरात घराघरांत वायरवरचा रेडिओ होता, कार्यक्रम नसेल तेव्हा त्यावर मेट्रोनोम, म्हणजे गाण्यात लय धरायला वापरतात ते यंत्र, टिकटिकत ठेवायचे, फास्ट टिकटिक म्हणजे हवाई हल्ला, स्लो म्हणजे धोका टळला. लोक तो रात्रीसुद्धा बंद करायचे नाहीत, कारण टिकटिक चालू आहे म्हणजे शहर अजून पडलेलं नाही, एवढं तरी कळायचं.