फॉर्म भरला, पण घरी सांगितलंत का?

अवयवदानाच्या नोंदणीवर या वेळी बरेच प्रश्न आलेत, सारखे होते ते एकत्र केलेत. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिलीये कारण सगळं घोडं तिथेच अडतं.

प्रश्न : माझं वय ४६. नोटोच्या (अवयवदानाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) साइटवर आधार नंबर टाकून अवयवदानाचा फॉर्म भरला, ओटीपी आला, सर्टिफिकेट पण डाउनलोड झालं. घरी अजून कोणाला बोलले नाहीये, मिस्टरांना असले विषय काढलेले चालत नाहीत, "चांगल्या घरात मरणाच्या गोष्टी कशाला" म्हणतात. पण सरकारकडे नोंद आहे म्हटल्यावर वेळ आली की आपोआप होईल ना सगळं?

नाही ताई, आपोआप काहीच होत नाही. तुम्ही फॉर्म भरलात ते फार चांगलं केलंत, पण तो फॉर्म म्हणजे तुमची इच्छा, आणि ती पुरी करणं शेवटी घरच्यांच्याच हातात असतं. आपल्याकडचा कायदा १९९४ चा आहे, २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि तुम्ही लिहून ठेवलेल्या इच्छेला कायद्यात किंमत आहेच, पण प्रत्यक्षात कुठलंही हॉस्पिटल जवळच्या नातेवाईकांची सही असल्याशिवाय पुढे जात नाही. आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. स्पेन अवयवदानात जगात सगळ्यात पुढे, तिथे १९७९ पासून कायदाच असा की माणसाने जिवंतपणी नकार दिला नसेल तर होकार धरायचा, तरी तिथले डॉक्टरसुद्धा आधी घरच्यांशी बोलतात आणि ते नाही म्हणाले तर थांबतात.

आता ती वेळ कशी असते बघा. माणूस आयसीयूत आहे, डॉक्टरांनी सांगितलंय की मेंदू मृत झालाय, पण व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होतेय, मॉनिटरवर हृदयाचे ठोके दिसतायत, आणि आई त्याचा हात धरून म्हणते, "अहो पण हात गरम आहे त्याचा." अशा वेळी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर येऊन शांतपणे विचारतात की अवयवदानाचा विचार कराल का. ज्या घरात हा विषय कधी निघालाच नाही तिथे मग सगळे एकमेकांकडे बघतात, कोणी म्हणतं मामांना विचारू, कोणी म्हणतं त्याला आवडलं असतं का काय माहीत, आणि "माहीत नाही" चं उत्तर बहुतेक वेळा "नको" असंच होतं, त्यात त्यांची काही चूक नसते, नको म्हणणं त्या क्षणी सोपं असतं एवढंच. याउलट घरातल्या एकाने जरी सांगितलं की "ती मला म्हणाली होती, द्या म्हणून", तर बाकीच्यांच्या डोक्यावरचा भार एकदम उतरतो, कारण आता त्यांना निर्णय घ्यायचा नसतो, तुमचा निर्णय पाळायचा असतो.

म्हणून मिस्टरांशी बोलाच. मरणावर भाषण नको, सरळ एवढंच म्हणा की माझ्याबद्दल कधी असा प्रश्न आला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागणारे, ते आत्ताच ऐकून ठेवा. आणि लगेच त्यांनाही विचारा की तुमचं काय. ते चिडतील कदाचित, चिडू देत, ऐकलेलं लक्षात राहतं. एकट्या त्यांनाच नाही, मुलांना किंवा भावाबहिणीलाही सांगा, आणि कोणते अवयव द्यायचे, डोळे, त्वचा द्यायची का तेही सांगा. सर्टिफिकेटची प्रिंट मेडिक्लेमच्या फाइलमध्ये लावून ठेवा, हॉस्पिटलची वेळ आली की तीच फाइल पहिली शोधली जाते. कागदावरचा फॉर्म भरायचा असेल तर तो ७ नंबरचा, त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो, म्हणजे कायदा करणाऱ्यांनीही घरी सांगायला लावलंच आहे.

प्रश्न : खरं सांगायचं तर भीती वाटते. खिशात डोनर कार्ड सापडलं तर डॉक्टर वाचवायचा प्रयत्न अर्धवट सोडणार नाहीत ना?

ही भीती खूप जणांना असते आणि ती बोलून दाखवलीत ते बरं झालं. उपचार करणारी टीम वेगळी, अवयव काढणारी वेगळी. ब्रेन डेथ ठरवायला चार डॉक्टर लागतात : हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर, मान्यताप्राप्त पॅनेलवरचे एक तज्ज्ञ, एक न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन आणि उपचार करणारे डॉक्टर. ट्रान्सप्लांट करणारा सर्जन यात नसतो. तपासण्या दोनदा होतात, मध्ये कमीत कमी ६ तासांचं अंतर. डोळ्यात टॉर्च मारून बाहुली आकसते का बघतात, बुबुळाला कापसाचं टोक लावतात, कानात थंड पाणी सोडून डोळे फिरतात का बघतात, घशात नळी हलवून खोकला येतो का बघतात. आणि शेवटी व्हेंटिलेटर काही मिनिटं बाजूला करून, ऑक्सिजन चालू ठेवून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. मेंदूच्या बुंध्यात थोडाजरी जीव असेल तर एवढा कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर माणूस श्वास घ्यायचा प्रयत्न करतोच. तोही नाही केला, दोन्ही वेळा नाही केला, तरच सही होते.

कोमा म्हणजे हे नव्हे. कोमातला माणूस परत येऊ शकतो, काही जण येतातही. ब्रेन डेथमधून कोणी परत येत नाही, आणि मशीनवर हृदयही फार दिवस चालत नाही.

प्रश्न : माझे वडील ७८ चे आहेत, त्यांनाही नोंदणी करायचीये. घरीच झोपेत काही झालं तर किडनी वगैरे देता येईल का?

किडनी, लिव्हर, हृदय हे आपल्याकडे जवळजवळ नेहमी आयसीयूत व्हेंटिलेटरवर ब्रेन डेथ झालेल्या माणसाकडूनच मिळतात, कारण तिथे रक्तपुरवठा चालू ठेवलेला असतो. घरी हृदय थांबलं की हे अवयव लगेच निकामी होतात. पण डोळे आणि त्वचा देता येते, साधारण ६ तासांच्या आत. आयबँकेला फोन करायचा, टीम घरी येते. तोपर्यंत पापण्या मिटून ठेवा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, डायबेटिस, बीपी, यातलं काहीही नेत्रदानाच्या आड येत नाही. वयाची अट मनातून काढून टाका, नोंदणीला १८ पूर्ण पाहिजे आणि वरची मर्यादा नाही, कोणता अवयव चालेल ते त्या वेळी डॉक्टर बघतात. त्यामुळे "माझ्या शरीरात आता काय उरलंय" असं म्हणून कोणी मागे राहू नये.

प्रश्न : अॅक्सिडेंटची केस असेल तर पोलीस, पोस्टमॉर्टेम, वरून बिल, यात बॉडी मिळायला किती त्रास?

पोलीस केस असली तरी दान होतं, पोलिसांची परवानगी घेऊन, पोस्टमॉर्टेम आणि हे काम जमवून घेतात. वेळ जास्त लागतो हे खरंय, ते कोऑर्डिनेटरकडून आधीच नीट विचारून घ्या म्हणजे बाहेर ताटकळलेल्या नातेवाईकांना सांगता येतं. शरीर व्यवस्थित टाके घालून देतात, कपडे घातल्यावर काही कळत नाही, नेहमीसारखे अंत्यसंस्कार करता येतात. दानासाठी शरीर सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च नियमाप्रमाणे दात्याच्या घरच्यांवर येत नाही. त्याआधीच्या उपचारांचं बिल मात्र वेगळं, त्यावरून गैरसमज होतात म्हणून बिलात कुठली तारीख कशाची आहे ते लिहून मागा.

प्रश्न : अवयव कोणाला द्यायचा ते आम्ही ठरवू शकतो का?

मृत्यूनंतरच्या दानात नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे झेडटीसीसी, म्हणजे अवयववाटप बघणाऱ्या विभागीय समित्या, आहेत, वेटिंग लिस्ट त्यांच्याकडे असते आणि अवयव त्या यादीप्रमाणे जातो, रक्तगट आणि बाकीचे निकष बघून. घाईही खूप असते, हृदय काढल्यापासून ४ ते ६ तासांत बसवावं लागतं, किडनीला त्यामानाने बराच जास्त वेळ मिळतो. दोन्ही घरांची नावं गुप्त ठेवतात. आणि कोणी पैशांची भाषा केली तर तो सरळ गुन्हा आहे, किमान ५ वर्षं कैद आणि २० लाखांपासून पुढे दंड.

प्रश्न : नोंदणी केल्यावर मन बदललं तर?

तर मागे घ्या, का म्हणून कोणी विचारणार नाही. नोटोच्या पोर्टलवरच नोंद रद्द करायची सोय आहे. फक्त घरच्यांनाही तसं सांगा, नाहीतर ते जुनंच लक्षात ठेवून सही करून मोकळे होतील.