गोळ्या चालू आहेत, तरी रक्त का पडतंय?

"मॅडम, गोळ्या सुरू करून दोन आठवडे होत आले, रक्त थांबत नाही. औषध लागू पडत नाहीये ना? आता आतडं काढावं लागणार का?"

अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज आणि जखमा होणाऱ्या आजाराचं, निदान नुकतंच झालेली माणसं हा प्रश्न मला वारंवार विचारतात. या वेळी समोर 26 वर्षांचा तरुण होता, कारखान्यात पाळीवर काम करणारा. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. सोबत आई होती.

त्याआधीचे कित्येक महिने मूळव्याध समजण्यातच गेले होते. आपल्याकडे हे फार होतं. रक्त दिसलं की मूळव्याध, शेम पडली की आव, आणि सांगायची लाज. अखेर दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासून आला, जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाली आणि आतड्याची सूज उतरवणारं मेसालामाइन हे औषध सुरू झालं. सूज गुदाशयापुरतीच होती, वरचं आतडं चांगलं होतं.

मी औषधांची पिशवी उघडायला सांगितली. गोळ्यांच्या पट्ट्या रिकाम्या होत आल्या होत्या, पण खालून ठेवायच्या सपोझिटरीचा डबा फोडलेलाही नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "तोंडाने घेतोय की. खोलीत भाऊ असतो, ते कसं करणार?"

आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मी त्याच्याशी एकट्याने बोलले. हा आजार गुदाशयापासूनच सुरू होतो. त्याची सूज नेमकी तिथे होती आणि तिथे औषध थेट पोचवते ती सपोझिटरीच. अशा रुग्णात नुसत्या तोंडाच्या गोळ्यांपेक्षा तिचा गुण जास्त येतो. झोपण्याआधी संडासला जाऊन यायचं, डाव्या कुशीवर पडून ती आत सरकवायची आणि मग उठायचं नाही. सुरुवातीला ती धरून ठेवता येत नाही, लगेच कळ येते. सूज उतरू लागली की जमतं. भावाला काय सांगायचं हेही आम्ही ठरवलं: आतड्याला सूज आहे, रात्रीचं औषध आहे. एवढं पुरतं.

आता त्याच्या मूळ प्रश्नाबद्दल. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही म्हणजे औषध हरलं, असं नाही. फरक दिसायला बऱ्याचदा दोन ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर काही आठवडे स्टेरॉइड देऊन ते हळूहळू उतरवतात. त्यापुढेही औषधं आहेत. बहुसंख्य रुग्णांवर आतडं काढायची वेळ कधीच येत नाही.

आई आत आल्यावर तिने मनातलं बोलून टाकलं, "मीच डबा देत नव्हते, बाहेरचं खाऊन झालं." तसं नाही, माउली. तुमच्या डब्याने हा आजार आलाही नसता आणि टळलाही नसता. तिने पोराला महिनाभर पेजेवर ठेवलं होतं, वजन उतरलं होतं. रक्त-जुलाब जोरात असताना तिखट आणि चोथ्याचं कमी करावं, पण डाळ, अंडी, भात, खिचडी पोटभर द्यावी. पाठदुखीसाठी तो आयबुप्रोफेन घ्यायचा. त्या जातीच्या गोळ्यांनी आजार उसळू शकतो, म्हणून त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत असं ठरलं. कॅन्सरचं तिने हळू आवाजात विचारलं. सूज गुदाशयापुरती राहिली तर तो धोका फारसा वाढत नाही. काहींची सूज पुढे वर सरकते. तशांची, लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण 8 वर्षांनी, दुर्बिणीने ठरावीक काळाने तपासणी सुरू करतात.

वाट कधी बघायची नाही, हे मात्र कागदावर लिहून दिलं: दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, सोबत ताप, छातीत धडधड किंवा पोट फुगणं. असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

महिन्याभराने रक्त थांबलं. तो खुशीत आला आणि लगेच विचारलं, "मग आता बंद करू?" याच टप्प्यावर खूप जण औषध सोडतात आणि काही महिन्यांत पुन्हा रक्त घेऊन येतात. बरं वाटणं आधी येतं, आतलं अस्तर भरून यायला वेळ लागतो. म्हणून डॉक्टरांनी संडासची कॅलप्रोटेक्टिन तपासणी सांगितली, तिच्यावरून आतड्यात सूज किती आहे ते कळतं. आकडा उतरला होता, पण अजून हवा तेवढा नाही. रिपोर्ट बघून तो म्हणाला, "ठीक आहे, चालू ठेवतो. रात्रपाळी असेल तेव्हा सपोझिटरी सकाळी झोपताना घेतली तर चालेल का, तेवढं सांगा." चालतं, आणि तसंच सुरू आहे.