‘कोर्ट’ संथ आहे, पण कुठे आणि कशासाठी?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. गेल्या आठवड्यात डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अशा जाण्यायेण्याच्या प्रवासात आपण मोबाइलवर ‘कोर्ट’ हा चित्रपट पाहिला. त्यातला कॅमेरा आपल्याला ‘झोपलेला’ वाटला, वकिलांच्या घरचे जेवणखाण दाखवण्यात अर्धा तास फुकट गेला, न्यायाधीशांची सहल शेवटी कशासाठी चिकटवली आहे ते कळले नाही, आणि तरीही सगळे जण हा चित्रपट डोक्यावर घेऊन का नाचतात, असे आपण विचारले आहे. ‘मला सिनेमा कळत नाही, की लोकांना आव आणायची सवय आहे?’ हे आपले शेवटचे वाक्य. त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो. आव आणणारे पुष्कळ आहेत, आणि चित्रपट संस्थेच्या खुर्च्या वर्षानुवर्षे झिजवल्यामुळे त्यांतले काही माझ्या चांगल्या ओळखीचेही आहेत. तथापि ‘कोर्ट’च्या बाबतीत आपली तक्रार मला अर्धीच पटते, आणि जी पटते ती आपण मांडलेल्या कारणांसाठी पटत नाही.

पुरस्कारांचा मुद्दा लवकर संपवतो. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांच्या या पहिल्याच चित्रपटाला २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात ‘ओरिझोंती’ या विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाचा असे दोन्ही मान मिळाले, आणि पुढल्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, हे खरे आहे. परंतु पुरस्कार मिळाला म्हणून कंटाळा आलेल्या माणसाने तो आला नाही असे म्हणावे, अशी अपेक्षा कोणीही धरू नये. आपल्याला कंटाळा आला, तो खराच आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की ‘संथ’ हा शब्द आपण संपूर्ण चित्रपटाला लावून मोकळे झालात. तो कोणत्या दृश्याला लागू पडतो, आणि त्या दृश्याने आपल्याकडून किती वेळ घेऊन त्या बदल्यात काय दिले, हा हिशेब राहून गेला.

म्हणून एकच प्रसंग घेऊ. कथा आपल्याला ठाऊक आहेच: मॅनहोलमध्ये उतरून काम करणारा वासुदेव पवार हा सफाई कामगार मरण पावतो, आणि नारायण कांबळे या वयोवृद्ध शाहिराने गायलेल्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलीस शाहिराला अटक करतात. पुढे वासुदेवची विधवा साक्षीला येते. बचाव पक्षाचे वकील तिला साधे प्रश्न विचारतात आणि ती साधी उत्तरे देते. नवऱ्याला कामावर सुरक्षेचे कोणतेही साधन मिळत नव्हते. गटारातल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आतली घाण सहन व्हावी म्हणून तो पिऊन उतरत असे. आणि उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकून पाहत असे: झुरळे बाहेर आली, तर आत श्वास घेण्याजोगी हवा आहे असे समजायचे.

झुरळांची ही गोष्ट ती ज्या आवाजात सांगते तो आवाज आठवून पाहावा. आपण शेजारणीला गॅस सिलिंडर कधी बदलला ते सांगू, तितक्या सहज ती बोलते. इथे एखाद्या सराईत दिग्दर्शकाने तिच्या डोळ्यांत पाणी आणले असते, कॅमेरा चेहऱ्याजवळ नेला असता आणि सारंगीचा एक सूर सोडून दिला असता. ताम्हाणे आणि छायालेखक मृणाल देसाई यांनी यांतले काहीही केलेले नाही. ती बोलते, आणि तिच्या बोलण्यातून न्यायाधीश स्वतःला हवे तेवढे उचलून नोंदीसाठी इंग्रजीत मजकूर सांगतात. एका बाईचा संसार, नवऱ्याचा डोळा, खडा आणि झुरळे हे सगळे अशा रीतीने सरकारी भाषेतल्या दोन-तीन कोरड्या वाक्यांत जाऊन बसते. हे घडायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ चित्रपट घेतो. तो घाईने उरकला असता, तर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना नेमके काय गळून पडले हे आपल्या कानाला कळलेच नसते. या प्रसंगाला मी संथ म्हणणार नाही.

साक्ष झाल्यानंतर वकील तिला आपल्या गाडीतून सोडायला जातात तेव्हा थोडे पैसे देऊ करतात. ती ते घेत नाही, काही काम असेल तर पाहा, असे सांगते. या प्रसंगावरही कुणी रेंगाळत नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण जिथे इतर चित्रपट थबकून टाळी मागतात तिथे हा पुढे निघून जातो. म्हणजे वेग कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा हे दिग्दर्शकाला पक्के ठाऊक आहे.

आता वकिलांच्या घरांबद्दल. सरकारी वकील असलेली बाई (गीतांजली कुलकर्णी यांनी ही भूमिका केली आहे आणि ती मला त्यांची आजवरची सर्वोत्तम भूमिका वाटते) न्यायालयातून सुटल्यावर लोकलच्या महिला डब्यात बसून दुसऱ्या बाईशी खाण्यापिण्याच्या आणि नवऱ्याच्या पथ्याच्या गप्पा मारते, वाटेत मुलाला घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. सुटीच्या दिवशी कुटुंबासह जेवायला आणि मग नाटकाला जाते, आणि त्या नाटकात परप्रांतीयांची जी खिल्ली उडवली जाते तिला सारे प्रेक्षागृह हसते. आपण स्वतः रोज लोकलने प्रवास करता, म्हणूनच कदाचित हे सगळे आपल्याला ‘यात दाखवण्यासारखे काय आहे’ असे वाटले असावे. पण याच बाई दिवसा न्यायालयात त्या शाहिराच्या विरोधात एकसुरी आवाजात कलमांमागून कलमे वाचत होत्या; त्या दुष्ट नाहीत, त्यांना घरी जाऊन कणीक मळायची आहे, इतकेच. १८७६ सालचा नाट्यप्रयोगविषयक कायदा आजच्या माणसाला लावताना त्यांचा आवाज कुठेही अडखळत नाही, याचे उत्तर त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. घरचा भाग काढून टाकला, तर त्या नेहमीच्या हिंदी चित्रपटातल्या खलनायकी वकील होऊन बसतील.

बचाव पक्षाच्या वकिलाच्या बाबतीत मात्र मी आपल्या बाजूने आहे. विवेक गोंबर यांनी ही भूमिका केली असून चित्रपटाचे निर्मातेही तेच आहेत. हा वकील मोठ्या दुकानात जाऊन महागड्या वस्तू घेतो, एकटाच गाडी चालवत संगीत ऐकतो, आईवडिलांकडे गेला की गुजरातीत लग्नाबद्दलची बोलणी खातो. एवढ्यावरून तो ज्यांच्यासाठी लढतो त्यांच्यापासून किती दूर राहतो, हे आपल्याला पुरते समजलेले असते. त्यानंतर तो मद्यपानगृहात बसून परदेशी भाषेतले गाणे ऐकतो, तो प्रसंग मला पहिल्यांदाही लांबलेला वाटला होता आणि नंतरही वाटला. माहीत झालेलीच गोष्ट तिथे पुन्हा सांगितली जाते. आपण ‘अर्धा तास’ म्हणता; मी चार-पाच मिनिटांवर तडजोड करायला तयार आहे.

शेवटाविषयी मात्र आपल्याला एक प्रसंग सांगितला पाहिजे. चित्रपट एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा मी तो मध्य मुंबईतल्या एका बहुपडदा चित्रगृहात पाहिला. मध्यंतर तिथल्या मंडळींनी स्वतःच्या सोयीने, एका वाक्याच्या मधोमध पाडले, ते असो. शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते, माणसे निघून जातात, दालनातले दिवे मालवले जातात आणि पडद्यावर काळोख होतो. आम्हा प्रेक्षकांतले निम्मे उठले. खुर्च्या खाड्‌खाड् मिटल्या, कुणी पिशव्या सावरल्या, माझ्या रांगेतल्या एका काकांनी ‘म्हणजे निकाल नाहीच?’ असे मोठ्याने विचारले. तेवढ्यात पडद्यावर लख्ख ऊन पडले आणि न्यायाधीश महाशय कुटुंबीयांसह सहलीला निघालेले दिसले. उभे राहिलेले लोक उभेच राहिले. काही बसले, काहींनी दाराशी टेकून उरलेला चित्रपट पाहिला.

त्या काकांचा प्रश्नच चित्रपटाचा प्रश्न आहे. शाहीर आत आहे, निकाल नाही, आणि ज्यांनी तो द्यायचा ते सहलीत एका नातेवाइकाला, मुलाच्या अडचणीवर अंकशास्त्राचा आणि खड्याच्या अंगठीचा उपाय सुचवत आहेत. मग ते बाकावर डुलक्या घेऊ लागतात, पोरे ओरडून त्यांना दचकवतात, ते एका मुलाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. आपण याला जोडलेली सहल म्हणता. मला हा दोन तासांत ऐकलेला एकमेव तत्पर निकाल वाटतो: तक्रार झाली, सुनावणी नाही, शिक्षा जागच्या जागी. आणि ती भोगली कुणी, तर हाताशी सापडला त्याने.

आपल्या मोबाइलवर हे कसे दिसले असेल याचा मी विचार केला. काळोख्या दालनाच्या त्या दृश्यात हातातल्या काचेवर आपल्याला आपलाच चेहरा आणि मागची दांडी दिसली असणार. कदाचित नेट गेले असे वाटून आपण बोटाने पडदा दाबलाही असेल. मी मोबाइलवर चित्रपट पाहण्याच्या विरोधात नाही, मुंबईत माणसाला दिवसाचे तीन तास सलग मिळतात ते गाडीतच. पण जो चित्रपट दृश्याच्या कोपऱ्यात गोष्टी ठेवतो आणि न्यायालयाच्या खोलीतला गलका तसाच ऐकू देतो, तो पाच-सहा इंची पडद्यावर आणि विक्रेत्यांच्या आरोळ्यांत निम्माच पोचतो. ज्या चित्रपटात प्रत्येक गोष्ट संवादातून सांगितली जाते, त्याचे अशाने फारसे बिघडत नाही. त्यामुळे प्रवासात ‘कोर्ट’ कंटाळवाणा आणि एखादा मारधाडीचा चित्रपट रंजक ठरतो, यात नवल नाही.

आपण विचारले आहे की याच दिग्दर्शकाचा ‘द डिसायपल’ पाहावा का. पाहावा, पण घरी आणि रात्री. त्यात संथपणा निराळ्या कामाला लावलेला आहे. शास्त्रीय संगीत शिकणारा शरद नेरूळकर रात्रीच्या मोकळ्या मुंबईत मोटारसायकल चालवतो आणि कानात माई या गुरूंच्या गुरूंची जुनी भाषणे ऐकतो. दृश्याची गती मुद्दाम मंद केलेली आहे, त्यामुळे रस्ता सरतो आहे की नाही असे वाटू लागते. माईंचा तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. ‘कोर्ट’मध्ये शाहीर झालेले वीरा साथीदार आणि सुमित्राताई हे दोघेही एप्रिल २०२१ मध्ये काही दिवसांच्या अंतराने गेले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला, मी तो पाहिला तेव्हा ती भाषणे ऐकताना चित्त फार काळ चित्रपटावर राहिले नाही, हे कबूल करतो. तरी एक मत नोंदवतो: मोटारसायकलची ही दृश्ये प्रत्येक वेळी काहीतरी नवे सांगतात असे नाही. पहिल्या दोन खेपांत साधनेची धुंदी जाणवते, पुढे माझ्यासारख्याला सवय होऊन जाते. ज्याचे आयुष्यच पुढे सरकत नाही अशा माणसाबद्दल हे हेतुपुरस्सर केले आहे, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो मला पूर्ण पटत नाही. कंटाळलेल्या माणसाची गोष्ट सांगताना प्रेक्षकाला कंटाळा आणणे ही फार सोपी पळवाट आहे.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ या चित्रपटाबद्दलही मी थोडक्यात एवढेच म्हणेन की मुंबईतला पूर्वार्ध मला कितीतरी अधिक घट्ट वाटतो. छाया कदम यांची पार्वती आपल्या राहत्या खोलीचा एकही कागद नसल्यामुळे बिल्डरपुढे हतबल होते, आणि मग रात्री मैत्रिणीसह त्याच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारते. तेवढ्या एका दृश्यात गिरणगावातल्या कित्येक घरांची कहाणी येऊन जाते. कोकणातला उत्तरार्ध सुंदर आहे, पण तिथे चित्रपट स्वतःच्याच हळुवारपणाच्या थोडा प्रेमात पडतो. कानच्या महोत्सवात २०२४ मध्ये त्याला ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला म्हणून हे बोलायचे नाही, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे एखाद्या रविवारी वीसेक मिनिटे असतील, तर ‘कोर्ट’ पुन्हा पूर्ण पाहू नये. विधवेच्या साक्षीचा प्रसंग तेवढा काढावा, मोबाइलऐवजी घरच्या टीव्हीवर लावावा, आणि तिच्याकडे न पाहता फक्त न्यायाधीशांचा आवाज ऐकत राहावे. तिने म्हटलेले काय नोंदीत उतरते आणि काय उतरत नाही, ते कागदावर टिपावे. त्यानंतरही तो लांबलेला वाटला, तर इथेच कळवावे. फक्त लक्ष कोणत्या वाक्याला उडाले तेवढे नेमके लिहावे.