"गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर, मॅडम!"

पन्नाशीच्या आसपासच्या माणसांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. रक्तदाबाच्या गोळीची चिठ्ठी पाकिटात घडी होऊन पडलेली असते आणि 'मला तर काहीच त्रास नाही' हे उत्तर तयार असतं.

डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाणारे एक गृहस्थ असेच आले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गोळीचे फायदे मी सांगितलेच नाहीत, ते डॉक्टरांनी, बायकोने, मुलीने सांगून झाले होते. माणसाला त्याचं उत्तर त्याच्याच तोंडून सापडावं, या मताची मी आहे. एवढंच विचारलं, "गोळीची भीती पहिल्यांदा कधी वाटली?"

बराच वेळ ते चिठ्ठीची घडी उलगडत, घालत राहिले. "बाबांना गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षाच्या आत अर्धांगवायू झाला."

"रोज घ्यायचे?"

"छे. डोकं दुखलं की घ्यायचे. गावी गेले की बंद."

"आणि त्याआधी बीपी किती वर्षं होतं?"

"कोणी मोजलंच कुठे?" ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे गोळ्या उशिरा आल्या. आणि त्याही धड घेतल्या नाहीत."

हेच मी म्हटलं असतं तर त्यांनी वाद घातला असता. 'त्रास नाही'च्या आड बहुतेकदा घरातलं असं एखादं आजारपण असतं. ते बोलून झालं की मगच पटतं, की वाढलेला दाब काही जाणवू न देता मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या खराब करत राहतो.

"पण दवाखान्यातच वाढतं माझं," ही शंका उरली. ती रास्त असते. डॉक्टरांना विचारून त्यांनी घरी सात दिवस मोजायचं ठरवलं. पहिले आकडे जिना चढून आल्या आल्या, शर्टाच्या बाहीवरून घेतलेले, म्हणजे निरुपयोगी. नीट मोजायचं तर आधी अर्धा तास चहा-सिगारेट नको, लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. लोंबत्या हाताने किंवा लहान पडणाऱ्या पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. सकाळ-संध्याकाळ, मिनिटभराच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरची मर्यादा 135/85, त्यांची आली 146/92. मग चिठ्ठी त्यांनी स्वतःच केमिस्टकडे नेली.

गोळी जन्मभर घ्यावी लागेल का, याचं उत्तर मी देत नाही. मीठ दिवसाला चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमी, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत आलं (पापड, लोणचं, फरसाण, वडापाव धरून), वजन उतरलं, रोज चालणं झालं, तर काहींचा डोस डॉक्टर कमी करतात. मनाने मात्र थांबवायची नाही, काही गोळ्या एकदम सोडल्या की दाब उसळतो. यांचे महिन्याभरात घोटे सुजले, काही गोळ्यांनी तसं होतं. त्यांनी डॉक्टरांना कळवलं आणि गोळी बदलून मिळाली.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काही झालं तर मात्र यंत्र शोधत बसू नका. लगेच 108 लावा.